२२२ विरुद्ध २१३: अमेरिकेत मध्यावधीनंतर ‘सत्ता’ नेमकी कोणाकडे जाते?

प्रश्न असा आला आहे: “२०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकनांनी हाउस २२२ विरुद्ध २१३ असं जिंकलं आणि सिनेट डेमोक्रॅट्सकडे राहिली. मग सत्ता कोणाची आली? बायडन यांचं सरकार पडलं कसं नाही? आणि एवढ्या प्रगत देशात निकालाला आठवडा का लागतो? काही घोळ असतो का?”

मी बरीच वर्षं मिशिगनमध्ये राहते. काही काळ लॅन्सिंगला राज्याच्या विधिमंडळात एका समितीच्या कार्यालयात नोकरी केली. नागरिकत्व मिळाल्यावर २०१२ पासून जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला इलेक्शन इन्स्पेक्टर म्हणून बसते. आपल्याकडे मतदान केंद्रावर शिक्षक आणि सरकारी कर्मचारी बसतात, इथे गावातली साधी माणसं बसतात. त्यामुळे मतपत्रिका उघडण्यापासून सभागृहात विधेयक अडकण्यापर्यंतचं बरंच काही मी जवळून पाहिलं आहे. उत्तर लांबेल, पण प्रश्न तसाच आहे.

पहिला गोंधळ शब्दामुळे होतो. आपल्या कानाला ‘मध्यावधी’ म्हणजे काहीतरी कोसळल्यावर होणारी निवडणूक. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, लोकसभा विसर्जित झाली आणि त्याच वर्षी पुन्हा मतदान झालं, ही आपली मध्यावधी. अमेरिकेत काही पडलेलं नसतं. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची, आणि बरोबर दोन वर्षांनी नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या, सगळ्या ४३५ जागांसाठी आणि वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, १०० पैकी साधारण एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. तारीख कायद्याने ठरलेली. युद्ध असो, महामारी असो, ती हलत नाही. राष्ट्राध्यक्ष सभागृहाच्या विश्वासावर बसलेला नसतोच, त्यामुळे सभागृह हातातून गेलं तरी त्याला खुर्ची सोडावी लागत नाही. बायडन यांचं सरकार पडायचा प्रश्नच नव्हता, तो याच कारणाने.

मग हाउस जिंकून मिळतं काय? मिळतो तो सभागृहाचा ताबा. राज्य चालवण्याचा अधिकार त्यात येत नाही. कोणता विषय चर्चेला येणार, कोणता नाही, आणि कोणाला समितीपुढे बोलावून प्रश्न विचारायचे, हे ठरवण्याचा हक्क येतो. वर्तमानपत्रातल्या मथळ्यात हा फरक कधीच दिसत नाही. मला तो कळला २०१० च्या नोव्हेंबरात.

त्या निवडणुकीत मिशिगनच्या प्रतिनिधिगृहातलं बहुमत बदललं. मी ज्यांच्या कार्यालयात काम करत होते ते आमदार एका समितीचे अध्यक्ष होते आणि स्वतःच्या मतदारसंघात आरामात पुन्हा निवडून आले होते. निकालाच्या रात्री आम्ही त्यांचं अभिनंदन केलं. डिसेंबरअखेर मात्र फायली खोक्यांत भरत होतो, कारण समितीची खोली, समितीचे कर्मचारी आणि मुख्य म्हणजे सुनावणीची तारीख ठरवायचा अधिकार, हे सगळं दुसऱ्या पक्षाकडे गेलं होतं. जानेवारीत ते त्याच इमारतीत, त्याच सभागृहात येऊन बसले. त्यांनी वर्षभर राबून तयार केलेलं विधेयक पुन्हा मांडलं गेलं आणि दोन वर्षं त्याच्यावर एकही सुनावणी झाली नाही. कोणी ते फेटाळलं नाही, कोणी त्याच्याविरुद्ध भाषण केलं नाही. ते नुसतं पटलावर आलं नाही. माणूस तोच होता, त्याची मतंही होती तेवढीच, पण त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. ताबा म्हणजे काय असं कोणी विचारलं की मला ती खोकी आठवतात.

वॉशिंग्टनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होतं. आपल्याकडे अध्यक्षाने निःपक्षपाती असावं अशी निदान अपेक्षा असते. इथला हाउसचा स्पीकर उघडपणे बहुमतवाल्या पक्षाचा नेता असतो. प्रत्येक समितीचा अध्यक्ष त्याच पक्षाचा, समित्यांमधलं बहुमत त्याच पक्षाचं, साक्षीला हजर राहा असा हुकूम काढायचा अधिकारही त्याच पक्षाकडे. अल्पमतातल्या पक्षाला एखादं विधेयक जबरदस्तीने मतदानाला आणायचं असेल, तर २१८ सदस्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. म्हणजे समोरच्या बाकांवरची माणसं फोडावी लागतात, आणि ते क्वचित जमतं. २०२२ नंतर लगेच दिसलेला बदल हाच. ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरच्या हल्ल्याची चौकशी करणारी हाउसची समिती संपली, आणि जेम्स कोमर आणि जिम जॉर्डन या रिपब्लिकन सदस्यांच्या हाती समित्या येऊन चौकशीचा रोख बायडन कुटुंब आणि प्रशासनाकडे वळला. पुरावे आणि साक्षीदार देशात होते तेच होते. प्रश्न विचारणारी माणसं बदलली.

सिनेटचा हिशेब वेगळा. तिथे बहुतेक विधेयकांसाठी चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात, त्यामुळे ५१ जागा मिळाल्या म्हणून कायदे करता येत नाहीत. पण न्यायाधीशांच्या आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या नेमणुकांना साधं बहुमत पुरतं. २०२२ च्या आधी सिनेट ५०-५० होती. उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने डेमोक्रॅट्स पुढे होते खरे, पण समित्यांत दोन्ही पक्षांची माणसं सारखी, त्यामुळे समितीत बरोबरी झाली की एकेक नेमणूक बाहेर काढायला वेगळा ठराव आणि वेगळं मतदान लागायचं. पेनसिल्व्हेनियात जॉन फेटरमन यांनी जागा खेचून आणली, आणि ६ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियात राफाएल वॉर्नॉक दुसऱ्या फेरीत जिंकले. डेमोक्रॅट्स ५१ वर गेले आणि समित्यांतली कोंडी सुटली. बायडन यांच्या चार वर्षांत आजीवन मुदतीचे २३५ संघीय न्यायाधीश नेमले गेले, ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांपेक्षा एक जास्त. २०२२ चा सगळ्यात टिकाऊ परिणाम कोणता असं विचाराल तर मी हाच सांगेन. हाउसमधल्या गदारोळाच्या बातम्या खूप झाल्या, पण हे न्यायाधीश अजून कित्येक वर्षं निकाल देत राहतील.

आता २२२ या आकड्याकडे येऊ. बहुमताला २१८ लागतात, म्हणजे हातात फक्त चार जास्त. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने मध्यावधीत मार खायचा हा इथला जवळजवळ नियम आहे. १९३४, १९९८ आणि २००२ असे अगदी मोजके अपवाद. १९९४ मध्ये डेमोक्रॅट्सनी हाउसमधल्या ५४ जागा गमावल्या आणि त्यांची चाळीस वर्षांची सद्दी संपली. २०१० मध्ये ६३ गमावल्या. २०२२ च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांतला सर्वांत जास्त, आणि बायडन यांची लोकप्रियता घसरलेली. सगळे लाट येणार म्हणत होते, आणि प्रत्यक्षात गेल्या नऊच जागा. माझ्या मते यामागे सगळ्यात मोठं कारण गर्भपाताचं. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, आणि मिशिगनमध्ये १९३१ चा बंदीचा कायदा पुन्हा जिवंत होण्याची वेळ आली. आमच्या केंद्रावर त्या दिवशी पहिल्यांदाच मतदान करणाऱ्या मुलींची रांग मी पाहिली आहे. दारातून आत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “प्रस्ताव ३ मतपत्रिकेच्या कुठल्या बाजूला आहे?” गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालणारा तो प्रस्ताव मंजूर झाला. पण अशी मतं देशभर सारखी पडली नाहीत. न्यूयॉर्कमध्ये उलट झालं, तिथे रिपब्लिकन ८ वरून ११ वर गेले. तेवढ्या जागा तिथे गेल्या नसत्या तर हाउसचं गणित बदलू शकलं असतं.

निसटत्या बहुमताने पक्षाला ताबा मिळाला, पण प्रत्येक सदस्याच्या हाती एकेक किल्लीही आली. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप मोडला तर सदस्यत्व जायची भीती असते. इथे तसं काही नाही. व्हिप नावाचा पदाधिकारी असतो, पण त्याचं काम मनधरणीचं. २००१ मध्ये जिम जेफर्ड्स नावाचे एकटे सिनेटर रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले, डेमोक्रॅट्सच्या बाजूला बसले आणि ५०-५० असलेल्या सिनेटचा ताबा दुसऱ्या पक्षाकडे गेला. एकही मतदान न होता सगळ्या समित्यांचे अध्यक्ष बदलले. महाराष्ट्रातल्या वाचकाला २०२२ चा जून आठवेल, पण फरक लक्षात घ्या. तिथे सरकार बदललं. इथे राष्ट्राध्यक्ष बुश जागच्या जागी राहिले, बदलला तो फक्त सिनेटचा कारभारी.

म्हणून ३ जानेवारी २०२३ ला जे झालं त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. केव्हिन मॅकार्थी यांना स्पीकर व्हायचं होतं, आणि पक्षातलेच वीसेक जण अडून बसले. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, शेवटची अशी वेळ आली होती. स्पीकर नाही म्हणजे शपथ द्यायला कोणी नाही, आणि शपथ नाही म्हणजे कोणीच सदस्य नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार याच निवडणुकीत आमच्या डेट्रॉइटमधून हाउसवर निवडून गेले होते. इथली मराठी घरं त्या दिवशी टीव्हीसमोर त्यांची शपथ बघायला बसली होती. दुपार गेली, रात्र गेली, दुसरा दिवस गेला. पंधराव्या फेरीत मॅकार्थी निवडून आले आणि ७ जानेवारीच्या भल्या पहाटे सगळ्यांची शपथ झाली. त्या पंधरा फेऱ्यांची किंमत म्हणून मॅकार्थी यांनी एक नियम मान्य केला होता: स्पीकरला हटवण्याचा ठराव एकटा सदस्यही आणू शकेल. नऊ महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२३ ला, तो ठराव आला. आठ रिपब्लिकन डेमोक्रॅट्सबरोबर गेले, २१६ विरुद्ध २१० ने मॅकार्थी गेले, आणि माइक जॉन्सन निवडून येईपर्यंत बावीस दिवस हाउसमध्ये एक कायदा पुढे सरकू शकला नाही.

एका मताचं मोल इथेही दिसतं. ६ फेब्रुवारी २०२४ ला अंतर्गत सुरक्षा खात्याचे मंत्री मायोर्कास यांच्यावरच्या महाभियोगाचं मतदान होतं. टेक्ससचे अ‍ॅल ग्रीन हे डेमोक्रॅट सदस्य शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होते. ते रुग्णालयाच्याच कपड्यांत, चाकाच्या खुर्चीवरून सभागृहात आले आणि विरोधात मत दिलं. २१५-२१५ अशी बरोबरी झाली आणि ठराव अडला. आठवड्याने रिपब्लिकनांचे स्टीव्ह स्कलीस कर्करोगाच्या उपचारांवरून परतले, तेव्हा तोच ठराव २१४-२१३ ने मंजूर झाला. आपल्याकडे एका मताने पंतप्रधान गेला. इथे एका मताने मंत्र्यावर महाभियोग झाला आणि मंत्री खुर्चीवरच राहिला, कारण पुढचा खटला सिनेटमध्ये चालायचा होता. सिनेटने एप्रिलमध्ये तो काढून टाकला. दोन सभागृहांचा ताबा दोन पक्षांकडे असला की असं होतं.

आता निकालाच्या उशिराबद्दल. ‘घोळ’ या शब्दाने मला खरंच त्रास होतो, म्हणून आमच्या टेबलावर काय चालतं तेच सांगते.

एका निवडणुकीत मी टपाली मतांच्या मोजणी केंद्रावर होते. सकाळी सातला आत गेलो, फोन जमा केले, आतलं काही बाहेर सांगणार नाही अशी शपथ घेतली. रात्री आठला मतदान संपेपर्यंत कोणीही बाहेर जायचं नाही. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळते का, हे गावच्या क्लर्कने आधीच बघितलेलं असतं. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं असतात. एकजण पाकीट कापतो, दुसरा मतपत्रिकेच्या वरच्या पट्टीचा क्रमांक पाकिटाच्या क्रमांकाशी पडताळतो, आणि जुळला की ती पट्टी फाडून बाजूला टाकतो. त्या क्षणापासून ते मत कोणाचं हे जगात कोणालाच सांगता येत नाही. मग घड्या उलट बाजूने दाबून कागद सरळ करायचा, नाहीतर यंत्र तो आत घेत नाही. त्या दिवशी एक मतपत्रिका कॉफी सांडलेली निघाली. तिची नक्कल करायची पद्धत अशी: कोऱ्या मतपत्रिकेवर एका पक्षाचा माणूस एकेक गोल मोठ्याने वाचतो, दुसऱ्या पक्षाचा तो भरतो, मग दोघं जागा बदलून पुन्हा ताडून बघतात. राज्यपालापासून ग्रंथालयाच्या मंडळापर्यंत दोन्ही बाजू भरलेली पत्रिका. एका मतासाठी दहा मिनिटं गेली, आणि समोर बसलेल्या विरुद्ध पक्षाच्या आजोबांनी एकदाही घाई केली नाही.

असं देशभर हजारो ठिकाणी चालतं, आणि प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आपल्यासारखा एक निवडणूक आयोग सगळ्या देशाची मतं मोजून निकाल जाहीर करत नाही. मोजणी काउंटीची (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाची) किंवा गावाची, अधिकृत शिक्कामोर्तब राज्याचं, आणि त्या रात्री टीव्हीवर जो ‘निकाल’ दिसतो तो असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थांचा हिशेब. फ्लोरिडात टपाली मतांची छाननी आधीपासून करता येते, म्हणून त्यांचा निकाल त्याच रात्री लागला. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या दिवशी सकाळी सातपर्यंत पाकीट उघडायलाच बंदी होती. कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल तर पुढचे सात दिवस आलेलं मत धरायचं, आणि सही जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी द्यायची. हाउसमध्ये रिपब्लिकनांना २१८ वी जागा मिळाल्याचं १६ नोव्हेंबरला, आठ दिवसांनी कळलं, आणि ती जागा कॅलिफोर्नियातलीच होती. नेवाडातली सिनेटची जागा आठ हजारांहून कमी मतांनी लागली. कोलोराडोत हाउसच्या जागेवर रिपब्लिकन लॉरेन बोबर्ट ५४६ मतांनी आल्या, एकूण सव्वातीन लाख मतांत. इतक्या चुरशीत घाईने जाहीर केलेला निकालच मला धोक्याचा वाटतो.

फेरमोजणीत एका कागदावर काय काय अवलंबून असतं, त्याचं उदाहरण व्हर्जिनियातलं. २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाच्या एका जागेवर फेरमोजणीनंतर डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने पुढे होत्या. एका मतपत्रिकेवर दोन्ही उमेदवारांपुढचे गोल भरलेले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर तिरकी रेघ होती. तीन न्यायाधीशांनी ते मत रिपब्लिकन डेव्हिड यान्सी यांना दिलं. दोघांना ११,६०८ मतं झाली, आणि ४ जानेवारी २०१८ ला वाडग्यातून चिठ्ठी काढली गेली. यान्सी यांचं नाव निघालं, आणि १०० जणांचं सभागृह ५१-४९ असं रिपब्लिकनांकडे राहिलं. म्हणून मी प्रत्येक मतदाराला सांगते, चूक झाली तर रेघ मारू नका, नवी मतपत्रिका मागून घ्या. ती मिळते.

राज्यांच्या विधिमंडळांबद्दल कोणी विचारत नाही, आणि माणसाच्या रोजच्या जगण्यावर परिणाम तर त्यांचाच जास्त. २०२२ ला मिशिगनची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली, सिनेट २०-१८ आणि प्रतिनिधिगृह ५६-५४. राज्यपाल आणि दोन्ही सभागृहं असं एकत्र त्यांच्या हाती जवळजवळ चाळीस वर्षांनी आलं. एप्रिल २०२३ पर्यंत १९३१ चा गर्भपातबंदीचा कायदा रद्दही झाला होता. याच्या मुळाशी २०१८ चं सार्वमत आहे. मतदारसंघ आखायचं काम आमदारांकडून काढून तेरा नागरिकांच्या आयोगाकडे दिलं गेलं, चार एका पक्षाचे, चार दुसऱ्याचे, पाच कोणाचेच नाहीत. त्याआधी जास्त मतं मिळवूनही डेमोक्रॅट्सच्या हाती सभागृह येत नव्हतं. २०२५ मध्ये टेक्ससने जनगणनेची वाट न बघता मधेच नकाशा बदलला आणि उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानेही मतदारांचा कौल घेऊन बदलला. मला यातलं कोणाचंच पटत नाही. रेघा ओढणारा आणि त्या रेघांतून निवडून येणारा एकच असू नये, मग पक्ष कोणताही असो.

आणि ५६-५४ किती नाजूक असतं तेही इथेच दिसलं. २०२३ च्या नोव्हेंबरात दोन डेमोक्रॅट आमदार आपापल्या शहरांचे महापौर म्हणून निवडून आले आणि सभागृह ५४-५४ झालं. एप्रिल २०२४ ला पोटनिवडणुका होईपर्यंत कामकाज जवळजवळ ठप्प होतं.

पुढची मध्यावधी ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. त्या रात्री आकडे बघणार असाल तर दोन्ही पक्षांच्या जागांची बेरीज बघू नका, २१८ ला कोण पोचतंय ते बघा, आणि कॅलिफोर्नियाचा तेरावा मतदारसंघ एका कागदावर लिहून ठेवा. सेंट्रल व्हॅलीतला शेतीचा भाग आहे. २०२२ ला तिथे रिपब्लिकन जॉन ड्युआर्टे ५६४ मतांनी जिंकले. २०२४ ला त्याच दोघांत डेमोक्रॅट अ‍ॅडम ग्रे १८७ मतांनी जिंकले आणि तो निकाल डिसेंबरात लागला. त्यानंतर हाउसचा आकडा पक्का झाला: २२० विरुद्ध २१५.